‘ता’ म्हणजे ताजे

त्या वासाचं नाव ‘पहाट’ होतं. कंपनीने ठेवलेलं. पाच लिटरच्या निळ्या कॅनमधून तो यायचा आणि कॅनवर डोंगरामागून उगवणाऱ्या सूर्याचं चित्र होतं. मला कोणी विचारलं की पहाटेचा वास कसा असतो, तर मी सांगेन, गुलाबाच्या साबणाखाली दडवलेल्या दुसऱ्याच्या घामासारखा. शी! लिहितानासुद्धा नाक मुरडलं गेलं.

आमची लाँड्री आहे. पुढे काउंटर, मधे इस्त्रीची दोन टेबलं, मागे तेव्हा दोन मोठी मशिनं आणि वरच्या मजल्यावर आई आणि मी. बाबा जहाजावर कामाला असतात. वर्षातून दोनदा येतात आणि पहिले तीन दिवस स्वतःचे कपडे आईकडे धुवायला द्यायला लाजतात.

आमच्याकडे माणसांना नावं नसतात, नंबर असतात. गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं की त्याला एक नंबर मिळतो, तो कॉलरच्या आत पक्क्या शाईने लिहायचा, आणि मग ते माणूस आमच्यासाठी जन्मभर तेवढंच. जेवताना आई म्हणते, “सत्तेचाळीस आज थकल्यासारखे वाटले गं.” किंवा, “एकशे सोळाकडून महिनाभर पुरुषाचा एक शर्ट आला नाही. काहीतरी बिनसलंय.” लोकांना वाटतं आपली गुपितं देवाला ठाऊक असतात. देवाच्या आधी ती लाँड्रीवालीला ठाऊक असतात.

मला नंबर नाही, पण टोपणनावं दोन मिळाली. सातवीपर्यंत मी ‘पुटपुट’ होते, कारण मी जे बोलायचे ते फक्त माझ्या हनुवटीला ऐकू जायचं. मग बाईंनी मला वादविवाद स्पर्धेत ढकललं आणि मला शोध लागला की माझा आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. तेव्हापासून मी ‘भोंगा’. आई म्हणते, “पुटपुट बरी होती. निदान घास तरी शांतपणे गिळता यायचा.”

तर, कंपनीचा माणूस. त्याला आम्ही चकचकीत म्हणायचो. बूट चकचकीत, दात चकचकीत, फायलीचं कव्हरसुद्धा. दोन वर्षांपूर्वी आमचं जुनं मशीन बंद पडलं, आणि ते बंद पडल्याचा वास लागल्यासारखा हा आठवड्याभरात दारात हजर.

“ताई, तुम्ही लाँड्री चालवता. आम्ही नाव चालवतो. आमचं नाव लावा, दोन नवी मशिनं उद्याच्या उद्या आणून बसवतो. पैसे? छे छे, आत्ता काहीच नाही. छत्तीस हप्ते. नावाचे आणि मशिनांचे मिळून.”

आईने सही केली. जुनी पाटी उतरली, सूर्यवाली पाटी चढली. पहिले काही महिने खरंच झकास गेले. मशिनं इतकी गुपचूप चालायची की आई मधेच उठून हात लावून बघायची, चालू आहे ना.

मग ‘ताजे सेवा’ आली.

चकचकीतने पिवळ्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे आणले. आत्तापर्यंत प्रत्येक कपड्याला पांढरी चिठ्ठी लागायची. आता दिसायला मळका नसलेल्या कपड्याला पिवळी. पिवळ्या चिठ्ठीचा कपडा धुवायचा नाही. त्यावर ‘पहाट’ फवारायची, इस्त्री मारायची, पिशवीत घालायचा. गिऱ्हाइकाच्या पावतीवर मात्र छापलेलं ‘संपूर्ण धुलाई’.

“पण हे धुतलेलं नसतं,” आई म्हणाली.

“ताई, लोकांना धुतलेलं कुठे हवं असतं? धुतल्यासारखं हवं असतं.” आणि तो हसला. बत्तीसच्या बत्तीस. “शंभरातले चाळीस तरी पिवळे निघाले पाहिजेत. नाही निघाले तर दंड हप्त्यात चढतो, बरं का.”

हे सगळं तोंडी. तो कागदावर कधीच काही द्यायचा नाही. फायलीत नुसतेच कोरे कागद असतात की काय, असा मला संशय होता.

आईने ते केलं. तीन महिने. आणि मी शाळेतून आले की रजिस्टर लिहायचे, नंबर, कपडा, आणि पिवळी चिठ्ठी असेल तर पुढे ‘ता’. रोज एवढ्या वेळा ‘ताजे’ कोण लिहीत बसणार!

आता किळसवाणा भाग. दुसऱ्याने एकदा घातलेला शर्ट लांबून स्वच्छच दिसतो. जवळ घेतला की कॉलरच्या आत तपकिरी रेघ असते, मानेची. बगलेत कडक झालेलं वर्तुळ असतं. त्यावर ‘पहाट’ मारली आणि गरम इस्त्री ठेवली की वाफ उठते आणि त्या वाफेत आधी गुलाब येतो आणि गुलाबाच्या मागून तो माणूस येतो. काल त्याने काय खाल्लं, किती घाबरला, कुठल्या गर्दीत उभा होता, सगळं. आई इस्त्री करताना तोंड भिंतीकडे वळवायची. मला जेवण जाईनासं झालं. वर्गात माझी शेजारीण म्हणाली, “किती छान वास येतो तुझ्या अंगाला!” आणि मला मळमळून आलं.

एकदा मी म्हटलं, “आई, हे घाणेरडं आहे.”

“ताजं केलंय,” ती भिंतीकडे बघत म्हणाली.

चकचकीतचा शब्द, आईच्या तोंडात. त्या वासापेक्षा मला त्याची जास्त शिसारी आली.

आम्हाला पकडलं सत्तेचाळीसनी. हे भूमितीचे निवृत्त मास्तर, एकटे राहतात, आठवड्याला तीन शर्ट. झालं असं की आमच्याकडे खिसे तपासतात ते धुण्याच्या टेबलावर. पिवळा कपडा त्या टेबलावर जातच नाही. मग त्याचे खिसे कोण तपासणार? इतकी साधी गोष्ट ना आईच्या लक्षात आली, ना माझ्या, ना त्या बत्तीस दातांच्या.

मास्तर आत आले, हातात निळा शर्ट आणि एक घडी केलेला कागद.

“ताई, कौतुक करायला आलोय.”

“कसलं, काका?”

“तुमच्या मशिनाचं. ही माझी औषधांची यादी. खिशात विसरलो होतो. संपूर्ण धुलाई होऊन आली आणि बघा, कागद भिजला नाही, शाई पसरली नाही, घडीसुद्धा मी घातली होती तशीच. विज्ञान केवढं पुढे गेलंय!”

आईचे कान लाल झाले. मास्तरांनी कागद परत खिशात ठेवला, चष्मा पुसला आणि अगदी हळू म्हणाले, “मला त्वचेचा त्रास आहे हो ताई. म्हणून तर बाहेर धुवायला देतो.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

आईने तो शर्ट हाताने धुतला. कॉलरची रेघ बोटांनी चोळून चोळून काढली. मग हात न पुसताच बसली आणि कंपनीला पत्र लिहिलं की हा करार मी संपवतेय. कागदावर दोन ओले डाग पडले ते तसेच गेले. दुसऱ्या दिवशी शिडी लावून तिने स्वतः पाटी उतरवली. मी शिडी धरली आणि सूर्य खाली आल्यावर त्यावर पाय दिला. मुद्दाम.

सहा आठवड्यांनी कोर्टाचे कागद आले. कंपनीने दावा लावला होता. उरलेले बावीस हप्ते, एकरकमी, वर व्याज, नाही तर दोन्ही मशिनं जप्त. मी कलम मोठ्याने वाचलं: “करार कोणत्याही कारणाने संपुष्टात आला तरी उर्वरित सर्व हप्ते तात्काळ देय राहतील.”

“कोणत्याही कारणाने!” मी किंचाळले. “म्हणजे त्यांनी आपल्याला चोरी शिकवली, आपण नाही म्हटलं, तर त्या नाही म्हणण्याचे बावीस हप्ते?”

“भोंगा, खाली गिऱ्हाईक आहे.”

मशिनं गेली तर लाँड्री गेली, हे आईने सांगायची गरज नव्हती. बादलीत धुऊन लाँड्री चालत नाही.

आमच्या वकीलबाई म्हणजे अठ्ठ्याऐंशी नंबर. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं ऑफिस, एवढंसं, आणि प्रत्येक खुर्चीवर फायली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “लेखी काय आहे? त्यांनी हे करायला सांगितलं, याचा पुरावा?”

“काहीच नाही,” आई म्हणाली.

“रजिस्टर आहे,” मी म्हणाले.

आईने माझ्याकडे असं बघितलं की पुटपुट परत येते की काय असं मला वाटलं.

घरी येताना ती जिन्यात थांबली. “ते बाहेर काढलं ना, की मशिनं वाचतील कदाचित. पण त्यात नंबर आहेत. कोणाचा कपडा कधी न धुता दिला, सगळं आहे. उद्या गल्लीत कोणाच्या तोंडाकडे बघू मी?”



दोन दिवसांनी सकाळी तिने स्वतःच रजिस्टर पिशवीत घातलं. वकीलबाई पानं उलटत गेल्या. मग त्यांचं बोट थांबलं. पुढच्या पानावर परत थांबलं.

“अठ्ठ्याऐंशी म्हणजे मीच ना?”

“हो, मॅडम.”

“काळा कोट, ता. काळा कोट, ता. काळा कोट...” त्यांनी अंगातल्या कोटाची बाही नकळत नाकापाशी नेली. “हा?”

“हाच.”

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. खरं सांगते, आईचा हात धरणंही मला त्या क्षणी नकोसं झालं, इतकी आम्हा दोघींची घाण वाटत होती.

“हा घालून मी कोर्टात उभी राहिले,” वकीलबाई म्हणाल्या. “एक न्यायाधीश तर म्हणाले, छान सुगंध येतोय.” त्यांनी कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि खुर्ची पायाने लांब सरकवली. “केस मी लढवते. पण फी एक पैसा कमी करणार नाही.”

“नका करू,” आई म्हणाली.

कोर्टाची खोली भव्य असेल असं मला वाटलं होतं. निघाली आमच्या प्रयोगशाळेएवढी. बाकांचा रंग उडालेला, खिडकीची एक काच पुठ्ठ्याची, न्यायाधीशांच्या टेबलावर चहाच्या कपाचे गोल डाग. चकचकीत पुढच्या बाकावर, मागे वळून आमच्याकडे बघून चक्क हसला. त्यांचा वकील घोगऱ्या आवाजाचा. तो बोलायला लागला की खिडकीतला पुठ्ठा थरथरायचा.

त्याचं म्हणणं सरळ होतं. पिवळी चिठ्ठी नाजूक कपड्यांसाठी असते. ‘ताजे’ ही नाजूक कपड्यांची खास प्रक्रिया. आणि हे रजिस्टर? “साहेब, दावा दाखल झाल्यावर घरी बसून लिहून काढलेलं आहे.”

आमच्याकडून मास्तर उभे राहिले होते, यादी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, सोबत पावती, पावतीला अजून टाचलेली पिवळी चिठ्ठी. तारीख रजिस्टरशी जुळली. पण घोगरा म्हणाला, एका शर्टाने काय होतं? पावती बघून रजिस्टर कोणीही लिहील.

मग तो आईकडे वळला. “हे अक्षर कोणाचं?”

आईने एकदाच, अगदी क्षणभर, माझ्याकडे पाहिलं. “माझं.”

“सगळं?”

“सगळं.”

“मग या कोऱ्या कागदावर जरा ‘ता’ लिहून दाखवा. पाच वेळा.”

माझ्या ‘ता’ला शेपटी असते. काना सरळ खाली आला की मी त्याला डावीकडे एक वळसा देते, मांजरीच्या शेपटीसारखा. आईचा ‘ता’ सरळसोट, इस्त्री केलेला. तिने पेन हातात घेतलं. तिला शेपटी आठवत होती, हे मला दिसत होतं, आणि ती काढायचा प्रयत्न करणार हेही. मला वाचवायला ती कोर्टात मांजर काढणार! आणि त्या एका मांजरीने सगळं रजिस्टर खोटं ठरणार.

मी उभी राहिले.

“ते अक्षर माझं आहे.”

शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. पुठ्ठ्यापर्यंतसुद्धा.

“ही कोण?” न्यायाधीशांनी चष्म्यावरून विचारलं.

“मुलगी आहे, साहेब,” वकीलबाई पटकन उठल्या. “परवानगी असेल तर तिचं म्हणणं नोंदवून घ्यावं.”

“साहेब, ती लहान आहे,” आई म्हणाली. “बस खाली. बस म्हणते ना!”

न्यायाधीशांनी मला पुढे बोलावलं. “वय?”

“पंधरा.”

“खरं बोलायचं म्हणजे काय, कळतं?”

“कळतं. तीन महिने उलटं केलंय.”

मी पाच वेळा ‘ता’ लिहिला. पाच मांजरी, एका ओळीत. न्यायाधीशांनी रजिस्टरमधल्या मांजरी बघितल्या, मग कागदावरच्या, मग आईला म्हणाले, “खोटं का सांगितलंत?” आई खाली बघत राहिली. “हे मी नोंदवून घेतोय,” ते म्हणाले.

घोगरा आता माझ्याशी एकदम मऊ बोलायला लागला. त्याचीही किळसच आली. “बेटा, ‘ता’ म्हणजे ताजे. बरोबर?”

“कंपनीचा ‘ता’ ताजेमधला. आमच्याकडचा ‘न धुता’मधला.”

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मास्तरच असावेत.

“हे तुला कोणी शिकवलं?”

“कोणी कशाला शिकवायला हवं? वास घेतलाय मी. तुम्हीपण घ्या, कॅन आणलाय आम्ही.”

मग त्याचा आवाज परत घोगरा झाला. “म्हणजे तुझ्या आईने गिऱ्हाइकांना फसवलं, असं तू या कोर्टात सांगतेस?”

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक असायला हवं होतं. स्पर्धेत मी असाच प्रश्न घालते, ज्याची दोन्ही उत्तरं चावतात. मी आईकडे बघितलं. तिने मान हलवली, अगदी थोडीशी. नाही म्हणायला नव्हे.

“हो,” मी म्हणाले. “आणि मीपण. आम्ही पकडले गेलो, मग थांबलो. पण थांबलो. हे थांबले नाहीत, आणि वर आमच्याकडे थांबण्याचे हप्ते मागतायत.”

“एवढं पुरे,” न्यायाधीश म्हणाले. चकचकीतचं तोंड पहिल्यांदाच बंद होतं. बंद तोंडाने तो अगदी साधा माणूस दिसत होता, कॉलरच्या आत तपकिरी रेघ असलेला.

निकाल महिन्याने लागला. रजिस्टर खरं धरलं गेलं, कारण स्वतःवरचाच ठपका कोणी घरी बसून रचत नाही. करार मोडण्याची वेळ कंपनीने स्वतः आणली, म्हणून उरलेले हप्ते मागता येणार नाहीत. पण भरलेल्या चौदा हप्त्यांत एकच मशीन आमचं ठरलं, दुसरं परत द्यायचं. आणि शेवटच्या पानावर एक ओळ होती, प्रतिवादीचे हातही स्वच्छ नाहीत. प्रतिवादी म्हणजे आई. दिवसभर साबणाच्या पाण्यात हात असलेल्या बाईबद्दल ही ओळ! मी भडकले. आईने ती ओळ दोनदा वाचली, कागद घडी करून गल्ल्यात ठेवला आणि म्हणाली, “बरोबर लिहिलंय.”

मग तिने पाटी उतरवलेल्या रिकाम्या जागेखाली फळ्यावर खडूने लिहिलं: ‘ज्यांचे कपडे आम्ही न धुता परत दिले, त्यांनी घेऊन यावेत. धुऊन देऊ. पैसे नाहीत.’ आणि काउंटरवर रजिस्टर उघडं ठेवलं, कोणालाही स्वतःचा नंबर बघता येईल असं.

पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. बारा गिऱ्हाइकं कायमची गेली. एक काकू रस्त्यापलीकडून पदर नाकाला लावून जायच्या, आमच्याकडे बघत, अगदी सावकाश. मला त्यांचा राग यायचा आणि मग आठवायचं की मीसुद्धा तीन महिने नुसतं नाक मुरडतच उभी होते.

तिसऱ्या दिवशी एकशे सोळा आल्या, भलंमोठं गाठोडं घेऊन.

“हे पडदे तुम्ही कधी दिलेच नव्हते,” मी रजिस्टर बघून म्हणाले.

“नव्हते,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पण मनस्ताप झाला ना मला. धुवा.”

“घे गं,” आई आतून म्हणाली.

संध्याकाळी वकीलबाईंच्या ऑफिसातून काळा कोट आला. आईने तो धुण्याच्या टेबलावर पसरला आणि मला हाक मारली. मी चारही खिसे उलटे केले. एक पिन, एक तिकीट, विरघळून खिशाला चिकटलेली खोकल्याची गोळी. मी ती नखाने खरवडून काढली. मग कोट उरलेल्या एकुलत्या मशिनात गेला आणि त्याची सांडपाण्याची नळी आईने मुद्दाम बादलीत सोडली.

पहिलं पाणी आलं. चहासारखं, वर फेस, आणि फेसातून शेवटची ‘पहाट’.

“शी! आई, बंद कर ना!”

“बघ,” ती म्हणाली. “नीट बघ. हे आपण लोकांच्या अंगात घालायला दिलं होतं.”

मी बघितलं. दुसरं पाणी आलं, तिसरं आलं. चौथ्याला बादलीचा तळ दिसला. तेव्हा मी ओल्या हाताने रजिस्टर ओढलं, ८८, काळा कोट, असं लिहिलं आणि सवयीने पुढे नुसता ‘धु’ काढून पेन ठेवणार, तेवढ्यात आई पाठीमागून म्हणाली,

“अर्धवट नको. पूर्ण लिही.”